पत्ता नसलेल्या माणसालाही उपचार हवेत

विहारात आपण पंचशील घेतो. पाचवे शील मद्यापासून दूर राहण्याचे. वंदना आटोपून घरी जाताना पुलाखाली कुणी पडलेला दिसला की मात्र आपण पोरांचा हात धरून बाजूने निघून जातो. ‘बेवडा आहे,’ एवढे म्हटले की आपले काम संपते. तोही कधी नाक्यावरचा बिगारी, हमाल किंवा सफाई कामगार होता. कदाचित आपल्याच गल्लीतला.

आम्ही स्पष्ट सांगतो, व्यसन हा आजार आहे. अनेक वर्षे रोज पिणाऱ्याने दारू एकदम तोडली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. त्यानंतर भ्रम होऊ शकतो. वेळेवर औषध मिळाले नाही तर जीवही जातो. घरातल्या माणसाला आई किंवा बायको दवाखान्यात नेते. फुटपाथवरच्याला कोण नेणार? सकाळी तो पुन्हा चपटी शोधतो, ती मजेसाठी नाही, हातांची थरथर थांबावी म्हणून.

दिल्लीच्या एम्सने केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला काही उपचार मिळतात, असे त्यात दिसले. मग ज्याला घरच नाही, त्याची गत काय असेल?

कायदा आपल्या बाजूने आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक विकारही आजारात धरतो. त्याच्या कलम १८ प्रमाणे निराधार आणि बेघर रुग्णांना सरकारी व सरकारी अनुदानावरच्या मानसोपचार केंद्रांत उपचार पूर्ण मोफत आहेत. गरिबाकडे दारिद्र्यरेषेचे कार्ड नसले तरी चालते. पण आम्ही अशा एका माणसाला घेऊन गेलो तेव्हा पहिला प्रश्न आला, ‘आधार कार्ड कुठे आहे? नातेवाईक कोण?’ आणि मग, ‘खाट रिकामी नाही.’

खाटा पैशाशिवाय वाढत नाहीत. दारूवरच्या करातून राज्याच्या तिजोरीत दरवर्षी हजारो कोटी रुपये येतात. राज्यघटनेच्या कलम ४७ ने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य ठरवले आहे. म्हणून या करातला ठरावीक हिस्सा बेघरांच्या उपचारासाठी बाजूला काढावा, ही आमची मागणी आहे. त्यातून सरकारी रुग्णालयांत कागदपत्रे न मागता मिळणाऱ्या खाटा व्हाव्यात. रात्री फुटपाथवर जाऊन भेटणारे आरोग्य पथक असावे. आणि उपचारानंतर राहण्याची जागा हवी. पंधरा दिवस औषध देऊन माणसाला पुन्हा त्याच पुलाखाली सोडले, तर खर्चही वाया आणि माणूसही. शहरात एक लाख लोकसंख्येमागे शंभर जणांचा एक निवारा असावा, असा निकष आहेच. तो पाळला तर अर्धे काम होईल.

काही जण म्हणतील, पोरांच्या शिष्यवृत्त्या रखडल्यात आणि दारुड्यांवर पैसा कशाला? शिष्यवृत्तीतला एक रुपयाही आम्ही मागत नाही. त्या माणसाने दुकानातून घेतलेल्या प्रत्येक बाटलीवर कर भरला आहे. त्याच्या पोराच्या दप्तराचा पैसा त्या करात गेला. त्यातला थोडा परत मागणे ही भीक नाही.

तोवर आपण काय करायचे? १४४४६ ही व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन आहे, तो नंबर विहाराच्या फलकावर लिहा. रोज पिणाऱ्याला घरी कोंडून दारू सोडवू नका. दोघे-तिघे मिळून त्याला सरकारी रुग्णालयात न्या आणि कलम १८ चे नाव घ्या. निवडणुकीत मत मागायला येणाऱ्याला विचारा, आमच्या वॉर्डात निवारा कुठे आहे?

आपल्याच घाणीत पडलेल्या, सोबत्यांनी टाकून दिलेल्या आजारी भिक्खूला भगवान बुद्धांनी आनंदासह स्वतः धुतले आणि खाटेवर निजवले. तू आजारी का पडलास, म्हणून त्याला दोष दिला नाही. जाब विचारला तो त्याला टाकून देणाऱ्यांना.