कुस्ती खोटी, तक्रार खरी

जॉन सीना याने १३ डिसेंबर २०२५ रोजी वॉशिंग्टनमध्ये आपली अखेरची कुस्ती केली आणि तीत तो हरला. ऑस्ट्रियाच्या गुंथरने गळ्याभोवती आवळलेली पकड सुटेना, तेव्हा सीना क्षणभर हसला आणि हाताने थाप मारून त्याने शरणागती पत्करली. 'कधीही हार मानू नका' हे ब्रीद कपड्यांवर मिरवून ज्याने दोन दशके पोरांना वेड लावले, त्या नायकाने निरोपाच्या रात्री नेमकी हार मानली. सभागृहात संताप उसळला. 'डब्ल्यूडब्ल्यूई' या कंपनीच्या कथानकांची सूत्रे ज्याच्या हाती आहेत, तो पॉल लेव्हेक ऊर्फ ट्रिपल एच समोर येताच प्रेक्षकांनी त्याची यथेच्छ हुर्यो उडवली. गुंथरवरचा राग हा खेळाचा भाग होता. ट्रिपल एचवरचा राग मात्र खरा होता. सीनाने हरावे हे कोणीतरी आधीच ठरवले होते, आणि लोक संतापले होते ते त्या ठरवणाऱ्यावर.

दूरचित्रवाणीवरची ही कुस्ती पाहणाऱ्या मुलाला घरातली वडीलधारी मंडळी वर्षानुवर्षे एकच प्रश्न विचारीत आली आहेत : 'अरे, ते सगळे खोटे असते ना?' प्रश्न चुकीचा नाही, पण शिळा आहे. क्रीडा आयोगाच्या देखरेखीतून आणि करातून सुटका व्हावी म्हणून, आपला खेळ ही स्पर्धा नसून करमणूक आहे, अशी कबुली या कंपनीनेच १९८९ साली अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या विधिमंडळासमोर दिली होती. पुढे वन्यजीवांसाठी काम करणाऱ्या जागतिक संस्थेशी नावावरून झालेल्या वादात माघार घ्यावी लागली आणि २००२ साली 'डब्ल्यूडब्ल्यूएफ'चे 'डब्ल्यूडब्ल्यूई' झाले. शेवटचे ते 'ई' म्हणजे एंटरटेनमेंट. आपला माल कोणता, हे दुकानाच्या पाटीवरच लिहिलेले असताना तो 'खोटा' निघाल्याचा शोध लावण्यात फारसे कर्तृत्व नाही. खरा प्रश्न वेगळा आहे. निकाल ठरलेला आहे हे पक्के ठाऊक असलेला प्रेक्षक त्या निकालावर इतका पोटतिडकीने का भांडतो, आणि त्याच्या भांडणात तथ्य असते का?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी अमेरिकेला जाण्याची गरज नाही. रत्नागिरीपासून सुमारे वीस किलोमीटरवर असलेल्या पालीच्या तिठ्यापर्यंत गेले तरी पुरे. येथून एक रस्ता लांज्यावरून गोव्याकडे उतरतो आणि दुसरा नाणीज, साखरपा करीत आंबा घाट चढून कोल्हापूरला जातो. नकाशावर हा केवळ दोन महामार्गांचा फाटा आहे. पण महाराष्ट्रातल्या दोन निरनिराळ्या प्रेक्षकपरंपरांच्या मधोमध हे गाव बसलेले आहे, असेही म्हणता येईल.

घाट चढून गेले की तालमींचा मुलूख लागतो. शाहू महाराजांनी बांधलेले, १९१२ साली खुले झालेले खासबाग मैदान ही त्या मुलुखाची पंढरी. तिथल्या प्रेक्षकाला डाव कळतो, पट कधी काढला आणि ढाक कुठे फसली हे कळते, आणि कुस्ती मिळून केलेली आहे असा नुसता वास आला तरी तो पैलवानाला क्षमा करीत नाही. 'नुरा कुस्ती' हा शब्द आपल्या राजकीय बातम्यांत सर्रास वापरला जातो, तो या तिरस्कारामुळेच. अहिल्यानगरला फेब्रुवारी २०२५ मध्ये झालेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत काय घडले, हे वाचकांना आठवत असेल. पृथ्वीराज मोहोळविरुद्धच्या लढतीत आपले खांदे टेकलेच नव्हते, असा शिवराज राक्षेचा दावा होता. प्रकरण पंचाला लाथ मारण्यापर्यंत गेले आणि राक्षेवर तीन वर्षांची बंदी आली. त्या वर्तनाचे समर्थन कोणी करणार नाही, परंतु वादाचा विषय पाहण्यासारखा होता : खांदे टेकले की नाही? एका क्षणाची, एका वस्तुस्थितीची ती चर्चा होती. चित्रफीत पुन्हा पाहून तिचा निवाडा होऊ शकतो, निदान व्हायला हवा.

घाटाखालचा प्रेक्षक दुसऱ्या मातीत घडला आहे. रत्नागिरी जिल्ह्यात नमनाच्या रंगणात संकासूर येतो, गवळणींची वाट अडवून मावशी, पेंद्या यांचा दंगा होतो, आणि मग वग सुरू होतो. त्याहून जवळचे उदाहरण शक्ती-तुऱ्याचे. शक्तीवाले आणि तुरेवाले असे दोन शाहीर आपापल्या संचासह समोरासमोर ठाकतात. एक प्रकृतीला थोर म्हणतो, दुसरा पुरुषाला. रात्रभर सवाल-जवाब, टोमणे आणि उणीदुणी चालतात. दोन्ही शाहिरांचे आपापले चाहते असतात आणि ते अटीतटीने भांडतात. हे वैर रंगमंचापुरते आहे, कार्यक्रम उरकल्यावर दोघे एकाच टपरीवर चहा घेतील, याची जाण प्रत्येकाला असते. पण म्हणून सवालाला साजेसा जवाब आला नाही तर कोणी माफ करीत नाही. 'बुवांनी आज फसवले' असे म्हणत लोक घरी जातात. येथे फसवणूक म्हणजे निकालाची लबाडी नव्हे. जे सोंग घेतले, ते शेवटपर्यंत निभावले नाही, ही ती फसवणूक.

अमेरिकी कुस्तीचा पोशाख घाटावरचा, पण तिचा स्वभाव घाटाखालचा आहे, असे माझे मत आहे. खासबागेच्या मापाने मोजली तर ती निखालस लबाडी ठरते. शक्ती-तुऱ्याच्या मापाने मोजली तर मात्र तिच्या चाहत्यांची भांडणे समजू लागतात. मुंबईने हा गोंधळ पूर्वीही अनुभवला आहे. वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर पन्नास-साठच्या दशकांत दारासिंग आणि किंगकाँग यांच्या 'फ्री स्टाइल' कुस्त्यांना तुडुंब गर्दी होई. त्या काळी सारा धंदा गुपितावर चाले, त्यामुळे चर्चाही 'खरे की खोटे' याच्या पुढे सरकत नसे. गुपित फुटले आणि प्रेक्षक शहाणा झाला. तो आता समीक्षकासारखे बोलतो : हे पात्र असे का वागले? या वैराचे कारण काय? गेल्या महिन्यात पेरलेले बी उगवले का नाही?

सीनाच्या प्रकरणात हे फार स्पष्ट दिसते. २००२ पासून तो पडद्यावर होता आणि बहुतेक काळ नायकच होता. प्रौढ चाहते त्याला कंटाळले होते. अर्धे सभागृह जयघोष करी, तर उरलेले अर्धे त्याच चालीवर त्याची निर्भर्त्सना करी. त्याला एकदा खलनायक करा, ही मागणी जवळजवळ पंधरा वर्षे चालू होती. कंपनीने ती टाळली, कारण त्याचे रंगीत बनियन आणि टोप्या विकत घेणारी मुले होती, आणि दुर्धर आजारी मुलांच्या इच्छा पुरवणाऱ्या संस्थेसाठी त्याने शेकडो मुलांच्या भेटी घेतल्या होत्या. अखेर १ मार्च २०२५ रोजी टोरांटोत तो क्षण आला. कोडी रोड्स या लाडक्या विजेत्याला मिठीत घेऊन सीनाने दगा दिला. मागे उभा होता 'रॉक', म्हणजे ड्वेन जॉन्सन. त्याने कोडीचा आत्मा विकत मागितला होता आणि कोडीने नाकारलेला तो सौदा सीनाने पत्करला, असे ते कथानक. प्रारंभ जबरदस्त होता, हे कोणीही मान्य करील.

पुढे काय झाले? २० एप्रिल रोजी लास वेगास येथे सीनाने सतरावे विजेतेपद पटकावून रिक फ्लेअरचा विक्रम मोडला, तेव्हा रॉक तिथे फिरकलाही नाही. आत्मा विकत घेणारा सावकारच नाटकातून निघून गेला! सौदा का झाला, त्याची किंमत काय, वसुली कधी, यांपैकी कशाचेच उत्तर मिळाले नाही. ऑगस्टच्या आरंभी सीना पुन्हा पहिल्यासारखा सज्जन झाला, जणू मधले पाच महिने कोणी पाहिलेच नव्हते. चाहत्यांचा याविषयीचा आक्षेप मला पूर्णपणे रास्त वाटतो. खलनायक होणे ही पात्राच्या आयुष्यातली मोठी घटना असते. ती हवामानासारखी बदलता येत नाही.

शेवटच्या शरणागतीबद्दल मात्र मी चाहत्यांच्या बाजूने उभा राहणार नाही. जाणाऱ्याने येणाऱ्याकडून हरून जावे, ही या धंद्यातली जुनी आणि चांगली रीत आहे. जाताना आपले वजन पुढच्याच्या पारड्यात टाकायचे असते. शिवाय 'हार मानू नका' असे आयुष्यभर सांगणाऱ्या माणसाला आता थांबले तरी चालेल हे उमगावे, आणि ते उमगल्याचे स्मित चेहऱ्यावर यावे, यात मला लेखकाचा हात दिसतो. तो क्षण फसला असेल तर आधीचे वर्ष विस्कळीत गेले म्हणून. उन्हाळ्यात जे गमावले, त्याचा राग डिसेंबरमध्ये निघाला.

आणि प्रेक्षकांच्या रागाने कथा सुधारल्याची उदाहरणेही आहेत. २०१४ मध्ये अंगाने लहानखुऱ्या डॅनियल ब्रायनला कंपनी मागे ठेवू पाहत होती. प्रेक्षकांनी प्रत्येक कार्यक्रमात त्याच्या नावाचा असा धोशा लावला की, वर्षातल्या सर्वांत मोठ्या रात्री त्यालाच विजेता करावे लागले. फेब्रुवारी २०२४ मध्ये कोडी रोड्सची जागा रॉकला देण्याचा घाट घातला गेला, तोही असाच काही दिवसांत गुंडाळावा लागला. जनमताने कथा लिहाव्यात असे माझे म्हणणे नाही. तसे झाले तर प्रत्येक वगात राजाच जिंकेल. परंतु मालकाला प्रिय असलेला कोण आणि कथेला हवा असलेला कोण, यातला फरक प्रेक्षकाला अनेकदा लेखकाआधी कळतो.

भारतीय प्रेक्षकाच्या वाट्याला हा फरक सर्वांत कडवटपणे आला तो २०१७ मध्ये. कॅनडात जन्मलेला, पंजाबी वंशाचा जिंदर महल तोवर हरणाऱ्यांच्या रांगेतला गडी होता. एप्रिलमध्ये तो अचानक आव्हानवीर ठरला आणि २१ मे रोजी रँडी ऑर्टनला हरवून मुख्य विजेता झाला. कंपनीला भारतात बाजारपेठ वाढवायची आहे, म्हणून हा पट्टा दिला गेला, असे जगभरचे चाहते उघड बोलू लागले. कंपनीची अपेक्षा अशी दिसते की, भारतीय प्रेक्षक हरखून जाईल. पण इथल्या चाहत्यांतूनही कुरकुर उठली, आणि मला वाटते, त्या कुरकुरीत स्वाभिमान होता. नुसता आपल्या रंगाचा माणूस दाखवला की हे लोक खूश होतील, असे गृहीत धरणे हा सन्मान नव्हे.

त्यात पात्राची रचनाच दुभंगलेली होती. अमेरिकी सभागृहात महलने अमेरिकेला शिव्या घालणारा उद्दाम परदेशी व्हायचे, आणि भारतात त्याच भूमिकेसाठी टाळ्या मिळवायच्या. खलनायक ठरवलेल्या माणसाला आपण 'आपला' म्हणावे, पण इतरांनी त्याची चीड करावी, अशी ही दुहेरी मागणी होती. पुढे जपानच्या शिन्सुके नाकामुराच्या उच्चारांची टिंगल त्याच्या तोंडी घालण्यात आली, तेव्हा प्रेक्षकांनीच 'आता अति झाले' असा घोष केला. शिवाय भारत म्हणजे फेटा, भांगडा आणि पंजाबी, हे समीकरण ग्रेट खलीच्या काळापासून चालत आलेले. रत्नागिरीच्या प्रेक्षकाला त्यात 'आपले' किती सापडणार?

शेवट तर अजबच झाला. ७ नोव्हेंबरला मँचेस्टरमध्ये ए. जे. स्टाइल्सकडून महल हरला. महिन्याभराने, ९ डिसेंबर रोजी दिल्लीत कंपनीचा कार्यक्रम झाला. आधी दोन दिवसांचा जाहीर झालेला तो बेत एकाच दिवसावर आला होता. ज्या प्रेक्षकासाठी सहा महिने हा सारा खटाटोप केला, त्याच्या अंगणात महलला हरवले कोणी? ट्रिपल एचने, म्हणजे कंपनीच्या अधिकाऱ्यानेच! नंतर दोघांनी मिळून भांगडाही केला. महलची बाजू घ्यायची तर, त्याने शरीर कमावण्यासाठी घेतलेले कष्ट डोळ्यांना दिसत होते आणि दिलेले काम त्याने निमूट केले. दोष त्याला लिहून देणाऱ्यांचा होता.

आपल्या मातीवर असा प्रयोग करून पाहण्याची संधी त्याआधी येऊन गेली होती. अमेरिकेच्याच 'टीएनए' या दुसऱ्या कंपनीने 'एंडेमोल'च्या साथीने 'रिंग का किंग' ही मालिका काढली. चित्रण पुण्याच्या बालेवाडीत झाले आणि २८ जानेवारी २०१२ पासून ती 'कलर्स' वाहिनीवर दाखवली गेली. हरभजनसिंगला प्रचारासाठी आणले होते. शेजारी पुण्याच्या तालमी, शंभर-दीडशे मैलांवर कोल्हापूर. लोकनाट्याची भाषा जाणणारे लेखकही महाराष्ट्रात कमी नव्हते. पण मालिकेचा साचा अमेरिकी राहिला, बोली हिंदी राहिली आणि मोठ्या भूमिका पाहुण्या पैलवानांकडे गेल्या. दुसरे पर्व निघाले नाही. असो.

१ एप्रिल २०२५ पासून या कुस्तीचे भारतातले प्रसारण सोनीकडून नेटफ्लिक्सकडे गेले आहे. अमेरिकेतला सोमवार रात्रीचा 'रॉ' आपल्याकडे मंगळवारी दिवस उजाडता उजाडता थेट दिसतो. नव्वदच्या दशकात केबलवर या लढती पाहणारी आणि शाळेच्या दप्तरात अंडरटेकरचे पत्ते लपवणारी पिढी आता स्वतः पालक झाली आहे. तिच्या मुलांना निकाल कळण्यासाठी पुढच्या आठवड्याची वाट पाहावी लागत नाही. शाळेची एसटी येण्याआधी तो कळलेला असतो, आणि गाडीत बसेपर्यंत तो बरोबर होता की नाही, यावर दोन तट पडलेले असतात.