विश्वविजेता क्लोझे आधी मुलांचा कोच झाला. आपले माजी खेळाडू कुठे जातात?

श्रीपूर (ता. माळशिरस, जि. सोलापूर) : २०१४ च्या फुटबॉल वर्ल्डकपच्या सेमीफायनलमध्ये जर्मनीने यजमान ब्राझीलला ७-१ असं लोळवलं. त्याच सामन्यात मिरोस्लाव्ह क्लोझेने वर्ल्डकपमधला आपला १६ वा गोल केला आणि ब्राझीलच्या रोनाल्डोचा १५ गोलांचा विक्रम मोडला. जर्मनीने तो कपही जिंकला. दोन वर्षांनी क्लोझे निवृत्त झाला.

एवढं मोठं नाव असल्यावर थेट मोठ्या क्लबची खुर्ची मिळेल, असं आपल्याला वाटतं. क्लोझेने आधी राष्ट्रीय संघासोबत राहून कोचिंगचे धडे घेतले. २०१८ मध्ये त्याने बायर्न म्युनिकच्या १७ वर्षांखालील मुलांची टीम हाती घेतली. सीनियर संघाचा मुख्य प्रशिक्षक तो झाला २०२२ मध्ये, तेही ऑस्ट्रियातल्या आल्टाख या छोट्या क्लबमध्ये. ज्याने वर्ल्डकप जिंकला, त्यालाही कोच म्हणून पहिली यत्ता चुकली नाही.

जर्मनीत असं का होतं?

त्यामागे एक मोठा पराभव आहे. २००० च्या युरो स्पर्धेत जर्मनी तीन सामन्यांत एकच गुण मिळवून गटात तळाला राहिला. त्यानंतर तिथल्या फुटबॉल संघटनेने मुलांच्या प्रशिक्षणाची घडी नव्याने बसवली. २००२ पासून देशभर साडेतीनशेहून अधिक केंद्रं उभी राहिली. मोठ्या क्लबच्या अकादमीपर्यंत न पोहोचलेल्या मुलांनाही घराजवळ चांगला कोच मिळावा, हा त्यामागचा विचार. आणि कोच व्हायचं तर कोर्स आणि परवाना हवाच.

या व्यवस्थेत नाव न कमावलेल्या खेळाडूलाही जागा मिळते. जर्मनीचा सध्याच्या पिढीतला सर्वांत गाजलेला कोच युलियन नागेल्समान गुडघ्याच्या दुखापतीमुळे विशीतच खेळ सोडून बसला होता. तो ज्युनियर संघांकडे वळला. २०१४ मध्ये त्याच्या हॉफेनहाइमच्या १९ वर्षांखालील संघाने जर्मन विजेतेपद मिळवलं. २०१६ मध्ये, वयाच्या २८ व्या वर्षी, तो त्याच क्लबच्या सीनियर संघाचा मुख्य कोच झाला आणि २०२३ मध्ये देशाच्या संघाचा.

आपल्याकडे याला वस्ताद म्हणतात

हे वाचून 'तिकडचं तिकडे' म्हणायचं कारण नाही. खेळून झालं की पुढची पोरं घडवायची, ही रीत आपल्या तालमींनी कितीतरी आधीपासून सांभाळली आहे.

काका पवार यांचंच उदाहरण घ्या. ग्रीको-रोमन कुस्तीतले हे मल्ल १९९८ च्या अर्जुन पुरस्काराचे मानकरी. पुढे त्यांनी पुण्यात कात्रजला कुस्ती संकुल उभं केलं. जानेवारी २०२० च्या 'महाराष्ट्र केसरी' फायनलमध्ये हर्षवर्धन सदगीर आणि शैलेश शेळके समोरासमोर आले, तेव्हा दोघेही त्यांचेच पठ्ठे होते. जानेवारी २०२३ मध्ये पुन्हा तेच घडलं: शिवराज राक्षे आणि आपल्या सोलापूर जिल्ह्याचा महेंद्र गायकवाड. २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक आणणारा राहुल आवारे आधी हरिश्चंद्र बिराजदारांच्या हाताखाली घडला आणि त्यांच्यानंतर काका पवारांच्या. बिराजदार स्वतः १९६९ चे महाराष्ट्र केसरी. एका मल्लाने दुसरा घडवायचा, ही साखळी अशी चालते.

मग अडतं कुठे?

ही साखळी व्यक्तीच्या जिद्दीवर उभी आहे. वस्ताद भक्कम असला तर तालीम चालते, तो थकला की आखाडा ओस पडतो. कुस्तीला निदान परंपरा आहे. फुटबॉल, कबड्डी, व्हॉलीबॉल, अॅथलेटिक्समध्ये तीही नाही.

माळशिरस तालुक्यात खेळाडूंची वानवा नाही. श्रीपूरपासून जवळच्या वेळापूरचा रामजी कश्यप जानेवारी २०२५ मध्ये पहिला खो-खो वर्ल्डकप जिंकणाऱ्या भारतीय संघात होता. पण प्रत्येक रामजीमागे राज्य पातळीपर्यंत जाऊन थांबलेले कितीतरी खेळाडू असतात. पंचविशीत ते पोलिस भरतीला लागतात, कारखान्यात चिकटतात किंवा शेती बघतात. त्यात वाईट काही नाही. पण दहा-पंधरा वर्षं अंगात मुरलेला खेळ त्यांच्यासोबतच संपतो. गावातल्या बारा वर्षांच्या मुलीला पहिला कोच मिळतो तो मोबाइलवरच्या व्हिडिओत.

सरकारने काही केलेलं नाही, असंही नाही. २०२० मध्ये देशभर १,००० 'खेलो इंडिया' केंद्रांची घोषणा झाली आणि तिथे माजी खेळाडूंना प्रशिक्षक नेमण्याचं ठरलं. कल्पना चांगली आहे. पण निवडीचा मुख्य आधार खेळाडू म्हणून केलेली कामगिरी हा आहे. मुलांना शिकवता येतं का, हा प्रश्न मागेच राहतो.

मोठा खेळाडू म्हणजे चांगला कोच?

मुळीच नाही, आणि याचा पुरावा शिवाजी पार्कवर आहे. रमाकांत आचरेकर सर प्रथम दर्जाचा एकच सामना खेळले. पण सचिन तेंडुलकर, विनोद कांबळी, प्रवीण अमरे त्यांच्या हाताखाली तयार झाले. सरांना १९९० मध्ये द्रोणाचार्य आणि २०१० मध्ये पद्मश्री मिळाली. पदकांच्या चाळणीने आचरेकर सापडले नसते.

उलटही खरं आहे. मोठ्यांचा व्यायाम लहान मुलांकडून करून घेणं, दुखापत अंगावर काढायला लावणं, जिंकण्यासाठी वय लपवणं, 'धाक हवाच' म्हणत हात उचलणं, हे सगळं आपल्या मैदानांवर चालतं. खेळ येणं आणि मूल समजणं ही दोन वेगळी कौशल्यं आहेत. म्हणूनच क्लोझेलाही शिकावं लागलं.

काय करता येईल?

माझ्या मते, नवीन स्टेडियमपेक्षा हे काम स्वस्त आहे. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स आहे. फुटबॉलमध्ये अखिल भारतीय महासंघाचे पायरीपायरीने घेता येणारे परवाने आहेत. अडचण असते ती फी, प्रवास आणि तेवढ्या दिवसांच्या बुडणाऱ्या मजुरीची.

तो खर्च ग्रामपंचायत, साखर कारखाने आणि शिक्षण संस्था मिळून उचलू शकतात. अट एकच ठेवायची: परत येऊन ठरावीक वर्षं गावच्या शाळेत संध्याकाळी मुलामुलींना शिकवायचं. आणि त्याचं मानधन महिन्याच्या महिन्याला द्यायचं. सत्काराची शाल आणि नारळ यावर कुणाचं घर चालत नाही.

यात्रेतल्या कुस्त्यांच्या फडावर आपल्या गावांत एका दिवसात लाखोंची बक्षिसं लागतात. त्यातला थोडा वाटा वर्षभर मुलं घडवणाऱ्या माणसासाठी बाजूला काढणं अवघड नाही. पुढच्या ग्रामसभेत एवढंच विचारून बघा: आपल्या गावात खेळ सोडलेले पण शिकवू शकणारे किती जण आहेत? त्या नावांची यादी करायला तर पैसेही लागत नाहीत.