चिटणिशीला किती गुण?

दहावी-बारावीचे निकाल लागले की पुढचे दोनेक महिने आपल्या गावांत गुणगौरवाचे असतात. पुणे-सोलापूर रस्त्यावरचा कासुर्डीचा टोलनाका ज्यांना आठवतो, त्यांनी या दिवसांत कासुर्डी, यवत, केडगाव या पट्ट्यात एक चक्कर मारावी. फ्लेक्सवर मुलांचे फोटो आणि फोटोखाली टक्के, तेही दशांश चिन्हापुढच्या दोन आकड्यांसह. व्यासपीठावर शाल, श्रीफळ, ट्रॉफी. निवेदकाच्या हातातली यादी मात्र कुणीतरी लिहिलेली असते. प्रमाणपत्रांवरची नावे, पाहुण्यांना गेलेली पत्रे, मंडपाच्या परवानगीचा अर्ज, वर्गणीची वही हे सगळे एखाद्या नववी-दहावीतल्या, अक्षर बरे असलेल्या मुलीकडून करून घेण्याची आपल्याकडे रीतच आहे. तिला व्यासपीठावर बोलावत नाहीत. बोलावलेच तर पाहुण्यांना गुच्छ आणून द्यायला.

आपण टंकलेखन-लघुलेखनाच्या संस्था चालवतो किंवा कनिष्ठ महाविद्यालयात वाणिज्य शिकवतो. म्हणजे त्या मुलीने जे केले, तेच आपण फी घेऊन शिकवतो. तरी तिच्या कामाला गुण द्यायची मोजपट्टी आपल्याकडेही धड नाही.

बारावीच्या एसपीचे, म्हणजे सेक्रेटरिअल प्रॅक्टिसचे, पुस्तक उघडून पाहा. विषयाचे नाव ‘चिटणिसाची कार्यपद्धती’. नाव काय भारदस्त! बाळाजी आवजी चिटणिसांपर्यंत पोहोचणारे. समर्थांनी तर दासबोधात एकोणिसाव्या दशकाचा पहिला समासच लेखनक्रियेला दिला आहे. आमचा अभ्यासक्रम मात्र या नावाखाली शिकवतो भागांची विक्री, कर्जरोखे, ठेवी, लाभांश. कासुर्डीतला विद्यार्थी कधीही न पाहिलेल्या कंपनीच्या सभासदाला लाभांशाचे पत्र बिनचूक लिहितो. त्याच संध्याकाळी त्याची आई बचत गटाची वही पुढे करते आणि म्हणते, ‘बाळा, मागच्या बैठकीत कर्ज कुणाला द्यायचं ठरलं ते जरा नीट लिहून दे.’ तिथे तो अडखळतो. कोण काय म्हणाले आणि त्यातले ठरले काय, हे वेगळे करायला त्याला कुणी शिकवलेलेच नाही.

आता संस्थाचालकांकडे वळू. राज्य परीक्षा परिषदेने टंकलेखनाची परीक्षा यंत्रावरून संगणकावर आणली. कॅरेज ओढण्याचा आणि रिबन बदलताना बोटे काळी होण्याचा काळ संपला. संगणकावरच्या परीक्षेत गतीच्या उताऱ्यासोबत ई-मेल आहे, पत्र आहे, तक्ता आहे, वस्तुनिष्ठ प्रश्न आहेत. परीक्षा रुंदावली, सराव तिथेच राहिला. आपल्या बोर्डावर आजही आकडेच असतात: 30, 40, 50. त्याचे कारणही उघड आहे. लिपिक-टंकलेखकाच्या जागेला मराठी 30 किंवा इंग्रजी 40 चे प्रमाणपत्र लागते, लघुलेखकाच्या जागेला 100 किंवा 120 ची गती लागते. पालक त्या आकड्याची फी भरतो. तेव्हा गतीला नावे ठेवण्यात अर्थ नाही, पोटाचा प्रश्न आहे. पण पत्राचा मायना पाठ, तक्त्याच्या रेघा पाठ आणि पत्रातला मजकूर समोर छापलेला, अशा तयारीतून उतरवून घेणारा तयार होतो. स्वतः मसुदा करणारा त्यातून घडेल याची खात्री कुणीच देऊ शकत नाही.

याच परिसरात मुलींच्या हातांनी किती मोठे काम उभे राहिले होते, हे आठवण्यासारखे आहे. कासुर्डीहून दौंडकडे निघाले की थोड्याच वेळात केडगाव लागते. तिथे पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनातल्या छापखान्यात दुष्काळातून आलेल्या मुली आणि बालविधवा खिळे जुळवायला शिकल्या. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर याच छापखान्यात छापले गेले. रमाबाई 5 एप्रिल 1922 रोजी वारल्या आणि संपूर्ण ग्रंथ 1924 मध्ये बाहेर पडला. जुळारी म्हणून बसणाऱ्या मुलीची वाक्यावर आणि विरामचिन्हावर नजर ठरत गेली असणार, असे मला वाटते. खिळा उलटा बसला तर तो हातानेच उपसावा लागतो, बॅकस्पेस नसते.

अशा कामाला बक्षीसही देता येते. अमेरिकेत ‘फ्यूचर बिझनेस लीडर्स ऑफ अमेरिका’ या संघटनेची पहिली शाखा 1942 मध्ये टेनेसीतल्या जॉन्सन सिटीच्या एका हायस्कुलात निघाली. कार्यालयीन आणि व्यावसायिक कौशल्यांच्या स्पर्धा तिथे शालेय वयात होतात आणि त्यांची बक्षिसे मुले अभिमानाने मिरवतात. आपल्याकडे वक्तृत्वाचा करंडक आहे, निबंधाचा आहे, रांगोळीचाही आहे. सभेच्या इतिवृत्ताचा ऐकला आहे का कुणी?

काही मित्र म्हणतील, आता मोबाइलशी बोलले की तो लिहितो, इतिवृत्त कशाला शिकवता? मीही करून पाहिले. मोबाइल जे ऐकतो ते सगळे लिहितो. ग्रामसभेत तासभर पाण्यावरून भांडण होते, त्यात एकमेकांच्या आजोबांचा उद्धार होतो, शेवटी एक ठराव होतो. सूचक कोण, अनुमोदक कोण, गणपूर्ती होती का, विषय पत्रिकेवरचा होता की आयत्या वेळचा, एवढेच कागदावर यायला हवे. काय गाळायचे हे लिहिणाऱ्याला ठरवावे लागते. दहा वर्षांनी रस्त्याचा वाद तहसीलदारांपुढे गेला, तर भांडणाचे रेकॉर्डिंग कुणी मागत नाही, ठरावाची नक्कल मागतात.

म्हणून या वर्षापुरती एक सूचना. एसपीला अंतर्गत मूल्यमापनाचे 20 गुण आहेत. त्यांतले काही गुण खऱ्या सभेसाठी ठेवा. ग्रामपंचायतीला वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. शिवाय दूध संस्था आहे, सोसायटी आहे, आपल्याच शाळेची व्यवस्थापन समिती आहे. चार मुले मागे बसवा, चौघांची इतिवृत्ते वेगवेगळी येतील. ती वर्गात शेजारी शेजारी ठेवून वाचा. फार मजा येते, कारण एकाच सभेतून दोघांना दोन वेगळे निर्णय ऐकू आलेले असतात. संस्थाचालकांनी गतीच्या उताऱ्याइतकाच वेळ तोंडी सूचनेवरून पत्र तयार करण्याला द्यावा. ‘महावितरणला लिही, रोहित्र जळालंय, उसाला पाणी नाही,’ एवढे सांगायचे आणि गप्प बसायचे. नववीतल्या मुलालाही हे जमते. रोहित्र जळाले म्हणजे काय होते, हे त्याला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असते.

आणि पुढच्या गुणगौरवात त्या यादी लिहिणाऱ्या मुलीचे नाव यादीत यावे. स्वतःचे नाव ती आपणहून लिहिणार नाही. तेवढी ओळ तुम्ही लिहा.

विद्यार्थ्यांनी लिहिलेली चांगली इतिवृत्ते आमच्याकडे पाठवा, माणसांची नावे झाकून. फसलेलीही चालतील. दिवाळीनंतरच्या अंकात दोन्ही प्रकारची छापू, खाडाखोडीसकट.