शेवटची गाडी

चैत्रातली दुपार, परतूरच्या स्टेशन रस्त्यावरचे चहाचे दुकान आणि बाहेर ओळीने उभ्या केलेल्या आमच्या मोटारसायकली. काही वर्षांपूर्वीच्या रामनवमीची ही गोष्ट. आम्ही मंडळी जांबला जन्मोत्सवाला जाऊन परत आलो होतो. जांब म्हणजे समर्थ रामदासांचे जन्मगाव. शेजारच्या घनसावंगी तालुक्यातले, परतूरकरांना घरच्यासारखे. सकाळी निघताना एकतीस जण होतो, म्हणून चहावाल्याला एकतीस कप सांगितले. त्याने ते मोजून भरले. तीस उचलले गेले, एक ताटात तसाच राहिला.

"गुरुजी कुठं राह्यले?" कोणीतरी विचारले.

"येऊ लागले की मागून," दुसऱ्याने उत्तर दिले आणि विषय संपला.

आणखी दहा मिनिटे गेली. त्या कपावर साय धरली. फोन लावला तर वाजत होता, पण कोणी उचलत नव्हते. तेव्हा कुठे दोघे जण गाडी घेऊन उलट निघाले. मी त्यांतला एक.

गुरुजी निम्म्या वाटेवर एका लिंबाच्या झाडाखाली सापडले. गाडी आडवी पडलेली, अंग घामाने निथळत असलेले, हात कापत असलेले. आम्हाला ओळखत होते आणि नव्हतेही. शेजारी उसात खुरपायला आलेली एक म्हातारी त्यांना तांब्यातले गुळाचे पाणी घोटाघोटाने पाजत होती. रस्त्याने जाणारे दोघे-तिघे थांबले होते, 'दुपारच्यालाच घेतली वाटतं' असे म्हणून पुढे गेले होते. म्हातारी मात्र ठाम होती. "पिलेला न्हाई बाबा ह्यो. साखर उतरलीय ह्याची. आमच्या मालकालाबी असंच व्हतं."

आता माझी कबुली. पस्तीस वर्षे मी परतुरात औषधाचे दुकान चालवले. गुरुजींच्या मधुमेहाच्या गोळ्या दर महिन्याला माझ्याच दुकानातून जायच्या. त्या दिवशी त्यांना रामनवमीचा उपास होता, हे मला ठाऊक होते. सकाळची गोळी त्यांनी नेमाने घेतली असणार, हेही मला सुचायला हवे होते. मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन यांना तुमचा उपास कळत नाही. पोटात अन्न असो वा नसो, त्या साखर उतरवतच राहतात. दुपारी बाराला जन्म झाल्यावर चिमूटभर सुंठवडा, एवढेच त्यांच्या पोटात गेले होते. आणि हे सगळे जाणणारा मी रांगेत पहिल्या पाचांत होतो, कारण पुढे धूळ कमी लागते.

घरी परतल्यावर मी पुष्कळ विचार केला, आणि हे काही एका गुरुजींचे प्रकरण नव्हे असे माझे मत झाले. आपल्या मराठवाड्यात मोटारसायकलींचे जथे वर्षभर निघत असतात. जयंत्यांच्या फेऱ्या, निवडणुकीची शक्तिप्रदर्शने, नवरात्रात तुळजापूरहून किंवा माहूरहून ज्योत आणणारी तरुण मंडळे. ज्योत घेऊन पोरे आळीपाळीने रात्रभर धावतात आणि मागेपुढे मोटारसायकली चालतात. यात वाईट काही नाही. तरण्या पोरांनी एकत्र निघावे, गावाचे नाव घ्यावे, यात आनंदच आहे. (फटफटणाऱ्या सायलेन्सरांबद्दल मला बोलायला लावू नका.) पण प्रत्येक जथ्यात एक गोष्ट मी पाहतो. पुढे कोण असणार, झेंडा कोणाच्या हाती असणार, यावरून आठ दिवस आधी वाद होतात. सगळ्यात शेवटी कोण असणार, हे कोणी ठरवत नाही. आणि संकट येते ते बहुधा शेवटच्यावर. ज्याला बरे वाटत नाही तो आपोआप हळू चालवतो. हळू चालवणारा मागे पडतो. मागे पडलेला कोणाला दिसत नाही.

आपल्याकडे यावर उपाय नव्हता असे नाही. माउलींची पालखी आळंदीहून पंढरपूरला जाते, तिच्यातल्या दिंड्यांना रथापुढे आणि रथामागे क्रमांक ठरलेले असतात. संध्याकाळी तळावर समाजआरतीच्या वेळी चोपदार हातातला चोप उंच करतो आणि एवढा मोठा समाज क्षणात शांत होतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिचे टाळ मात्र वाजतच राहतात, म्हणजे कोणाला काही सांगायचे आहे ते चोपदाराला कळते. मग हरवले-सापडलेले पुकारले जाते. त्यासाठी सगळ्यांनी रोज एकदा गप्प व्हावे लागते. आमच्या फेरीत एवढा आवाज असतो की मागचा कोणी हाका मारत असला तरी ऐकू येत नाही, आणि चोप उंच करणारा कोणीच नसतो.

उन्हाचेही थोडे सांगतो. मोटारसायकलीवर वारा लागतो म्हणून बरे वाटते, ही फसवणूक आहे. घाम येतो आणि वाऱ्याने लगेच वाळतो, त्यामुळे अंगातले किती पाणी गेले ते समजत नाही. हवा अंगाच्या तापमानापेक्षा गरम झाली, की आपल्या वैशाखात ती होतेच, मग तोच वारा भट्टीच्या झोतासारखा अंग तापवतो. डोके दुखणे, मळमळ, बोलण्यात विसंगती ही लक्षणे दिसली तर गाडी सोडून सावलीत यावे, कपडे ओले करावेत, वारा घालावा आणि दवाखाना गाठावा. ऊन माणसाला मारते यावर पुष्कळांचा विश्वास बसत नाही. खारघरला 16 एप्रिल 2023 रोजी महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्याला जमलेल्यांपैकी 14 जण दगावले. ते तर एका जागी बसलेले होते.

आजारापेक्षा मला भीती वाटते ती आपल्या मदतीची. एका जयंतीच्या फेरीत मागे बसलेला एक तरुण गाडीवरून पडला. दोघांनी त्याला उचलले, मोटारसायकलीवर मध्ये बसवले, मागच्याने कवेत धरले, आणि मान लटकत असलेल्या अवस्थेत त्याला दवाखान्यात नेले. पोरांच्या मनात माया होती, धावपळ खरी होती. तो तरुण आज पलंगाला खिळून आहे. मणका पडल्यामुळे दुखावला की उचलल्यामुळे, हे डॉक्टरही सांगू शकले नाहीत. पण पडलेल्या माणसाची मान हलवू नये, हे त्या पन्नास जणांत एकालाही माहीत नव्हते. हेल्मेट असेल तर तेही ओढून काढू नये. श्वासच अडत असेल तर एकाने मान दोन्ही हातांनी स्थिर धरायची आणि दुसऱ्याने सावकाश काढायचे. फिट आलेल्याला चप्पल किंवा कांदा हुंगवणे, दातांत चमचा घालणे, बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतणे, हे प्रकार अजून सर्रास चालतात. बेशुद्धाला कुशीवर वळवावे. तोंडात काहीही घालू नये. गुरुजींना गिळता येत होते म्हणून ते गुळाचे पाणी अमृत ठरले. गिळता येत नसते तर तेच श्वासनलिकेत गेले असते.

आणि एखाद्याचा श्वासच थांबला असेल तर? छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी, दोन इंचांपर्यंत खाली जाईल असे जोरात, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा दाबत राहायचे आणि मदत येईपर्यंत थांबायचे नाही. एक दमला की दुसऱ्याने घ्यायचे. मोटारसायकलींच्या जथ्यात दुसरा माणूस नाही असे कधीच होत नाही. चित्रीकरण करायलासुद्धा दहा जण असतात.

राज्यात 108 क्रमांकाची सेवा 2014 मध्ये 937 रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली. तिला फोन करताना 'परतूर रोडवर या' म्हणून भागत नाही. कोणत्या गावाच्या पुढे, कोणता फाटा, कोणता किलोमीटरचा दगड, कोणत्या बाजूला, हे सांगावे लागते. आणि फोन कोणी करायचा ते बोट दाखवून ठरवावे लागते. नाहीतर प्रत्येकाला वाटते दुसऱ्याने केला असेल. पोलिसांचे झंझट मागे लागेल ही भीतीही आता सोडायला हवी. मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2016 मध्ये निकाल दिला आणि 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात 134-अ हे कलम आले. स्वतःचे नाव सांगण्याची सक्तीसुद्धा तुमच्यावर नाही.

हेल्मेटबद्दल मी फार बोलत नाही, कारण परतुरात त्यावर बोलणारा माणूस लगेच एकटा पडतो. 2022 या एका वर्षात देशात हेल्मेट न घातल्यामुळे मरण पावलेल्यांचा सरकारी आकडा 50,029 होता. त्यातले चौदा हजारांहून अधिक मागे बसणारे होते. फेटा बांधायचा म्हणून हेल्मेट नको, असे पोरे सांगतात. गावात पोचल्यावर बांधा की फेटा.

गुरुजी बरे झाले. त्यांचा राग मात्र आम्हा सगळ्यांवर होता, आणि तो रास्त होता. पण त्यांचीही एक चूक होती. आपल्याला मधुमेह आहे हे त्यांनी सोबतच्या कोणालाही सांगितलेले नव्हते. पुरुषांच्या जथ्यात आजार सांगणे म्हणजे कमीपणा, अशी आपली समजूत. बायपास झालेला माणूस शर्टाचे बटण गळ्यापर्यंत लावून येतो. घरी बायकोला सगळे माहीत असते, पण ती गाडीवर नसते.

पुढच्या रामनवमीला आम्ही निघण्याआधी देवळासमोर बसलो. कोणाला साखर, कोणाला रक्तदाब, कोणाला फिट येते, कोणाच्या खिशात कोणती गोळी, हे एका कागदावर लिहिले. पहिले पाच मिनिटे कोणी तोंड उघडेना. मग एका पैलवानाने हसत हसत सांगितले की त्याला दोन वर्षांपासून रक्तदाबाची गोळी आहे. त्यानंतर सात जण बोलले. एकतिसांत आठ, आणि मला दुकानदार म्हणून त्यातले चारच माहीत होते.

मग शेवटची गाडी कोण चालवणार यावर अडले. धूळ खायची, सगळ्यांच्या मागे पोचायचे, फोटोत यायचे नाही. कोण तयार होणार? चिठ्ठ्या टाकायचे ठरले. पहिली चिठ्ठी ज्या पोराच्या नावाची निघाली त्याचे तोंड एवढेसे झाले. गुरुजींनी त्याला एक थैली दिली. तीत गूळ, मीठ-साखरेची पाकिटे, पाण्याच्या दोन बाटल्या आणि तो कागद होता. दर दहा किलोमीटरवर पुढच्याने थांबायचे आणि हा पोरगा येऊन हात वर करेपर्यंत गाडीला किक मारायची नाही, असे ठरले. पहिल्या थांब्यावर आम्ही त्याची बारा मिनिटे वाट पाहिली. पुष्कळ कुरकूर झाली. तो आला तेव्हा त्याच्यासोबत पंक्चर झालेली एक गाडी होती, जिच्याबद्दल आमच्यापैकी कोणालाच पत्ता नव्हता.