अमिनो ॲसिड फक्त लेबलवर नको, बाटलीतही हवं!



क्रीम-लोशनचा व्यवसाय सुरू करणारे हल्ली हमखास विचारतात, "अमिनो ॲसिड टाकलं तर भाव जास्त मिळेल ना?" माझं उत्तर सरळ आहे. पहिल्या बाटलीला मिळेल. दुसरी बाटली खपेल की नाही, ते आत काय आहे त्यावर ठरतं.

आधी घटक समजून घ्या. आपल्या त्वचेच्या सगळ्यात वरच्या थरात ओलावा धरून ठेवणारं एक नैसर्गिक मिश्रण असतं. त्यात साधारण ४० टक्के अमिनो ॲसिड्स असतात. सेरीन, ग्लायसीन, अर्जिनीन ही त्यातलीच. फिलाग्रिन नावाचं प्रथिन तुटून ती तयार होतात. शिवाय १२ टक्क्यांच्या आसपास पीसीए असतं. म्हणजे घटक खोटा नाही, तो पाणी धरतो.

खोट असते ती प्रमाणात. १०० ग्रॅम क्रीममध्ये ०.१ टक्का म्हणजे फक्त ०.१ ग्रॅम! १ टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक यादीत शेवटी, पण आपापसांत कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. त्यामुळे चिमटीत न मावणारी गोष्टसुद्धा ठळक मिरवता येते. नियमात बसतं हो, पण गिऱ्हाइकाची कातडी लेबल वाचत नाही.

म्हणून माझं मत असं: पाया ग्लिसरीनचाच ठेवा, ३ ते ५ टक्के. स्वस्त आहे आणि वर्षानुवर्षं पारखलेलं आहे. त्याला जोड म्हणून सोडियम पीसीए किंवा अमिनो ॲसिडचं तयार मिश्रण घ्या, पुरवठादाराने दिलेल्या प्रमाणातच. सोबत तेल किंवा बटर हवंच, नाहीतर धरलेलं पाणी उडून जातं. अर्जिनीन अल्कधर्मी असतं, त्यामुळे ते घातल्यावर पीएच मोजा आणि ५ ते ५.५ च्या आसपास आणा.

आणि "केमिकल-फ्री" म्हणवून घ्यायला प्रिझर्व्हेटिव्ह गाळू नका. पाणी आणि अमिनो ॲसिड हा जंतूंचाही खाऊ आहे. बुरशी धरलेली एक बाटली कोणाच्या चेहऱ्यावर गेली, की वर्षभराची कमाई आणि नाव दोन्ही गेलं समजा.

घरी बनवून विकायचं असलं तरी कॉस्मेटिक्स रूल्स, २०२० प्रमाणे उत्पादनाचा परवाना लागतो. स्वतःचं युनिट परवडत नसेल तर परवानाधारक कारखान्यात लोन लायसन्सवर माल बनवता येतो. "सुरकुत्या बऱ्या होतात" असले दावे तर करूच नका. "त्वचा मऊ राहते" एवढं खरं सांगितलंत तरी पुरे.

आता कामाला लागा. तुमच्या एका बॅचचं कॉस्टिंग कागदावर मांडा. महागड्या घटकाला किती आणि टेस्टिंगला किती, ते बघा. टेस्टिंगचा रकाना रिकामा असेल, तर अमिनो ॲसिडचे पैसे आधी तिकडे वळवा.