मौनाचा जुलूम

आमचे एक आप्त, ब्रह्मपुरीकडील निवृत्त मास्तर. गालाच्या आंतील व्रण भरेना म्हणून त्यांस नागपुरास नेलें, तपासणी झाली, आणि घरच्या मंडळींनीं एकमतानें ठराव केला कीं, "त्यांना कांहीं कळूं द्यायचें नाहीं." साधी गांठ आहे, शेक दिला म्हणजे बसेल, असें त्यांस सांगण्यांत आलें. आतां हा शेक जेथें घ्यावयाचा तें राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या नांवाचें कर्करोग रुग्णालय. रोगाचें नांव दारावरच्या पाटीवरच. ज्यानें ३६ वर्षें दुसऱ्यांच्या मुलांस वाचावयास शिकविलें, त्याला ती पाटी वाचतां येणार नाहीं, अशी या सुशिक्षित कुटुंबाची समजूत होती!

मास्तरांनीं पाटी पहिल्याच दिवशीं वाचली. परंतु मंडळींचा बेत मोडूं नये म्हणून त्यांनीं कांहीं न कळल्याचें सोंग घेतलें. सात महिने नवऱ्यानें बायकोपुढें आणि बायकोनें नवऱ्यापुढें हें नाटक वठविलें. रात्रीं दोघेंही जागीं असत आणि दोघेंही झोंपल्याचें भासवीत. मनांतलें जें बोलावयाचें तें मास्तर बोलले कोणापाशीं, तर रुग्णालयाच्या ओसरीवर भेटलेल्या सिरोंच्याच्या एका शेतकऱ्यापाशीं. त्याची मराठी निम्मी तेलुगु. पण आपल्या रोगाचें नांव त्याला ठाऊक होतें, आणि तें उच्चारण्याची त्याला चोरी नव्हती.

हा प्रकार अपवादात्मक असता तर आम्ही लेखणी उचलली नसती. चंद्रपूर-गडचिरोलीच्या पांढरपेशा घरांत हीच रीत आम्ही वारंवार पाहिली, आणि तिचें समर्थन 'आपली संस्कृति' या भारदस्त शब्दानें केलें जातें. रोगी हाय खाईल. पाश्चात्त्यांचें रोखठोक बोलणें आपणांस मानवणार नाहीं! पण पाश्चात्त्य तरी केव्हांपासून रोखठोक झाले? १९६१ सालीं शिकागोंतील डॉक्टरांच्या पाहणींत शेकडा सुमारें ९० जणांनीं रोग्यास कर्करोगाचें नांव न सांगणेंच पसंत केलें होतें. १९७९ सालीं अमेरिकन डॉक्टरांस तोच प्रश्न केला तेव्हां शेकडा ९७ जण सांगण्याच्या बाजूचे निघाले. अठरा वर्षांत पालटते ती संवय. तिला संस्कृतीची शाल पांघरण्याचें कारण नाहीं. ज्यास ऐकावयाचें नसेल त्याच्या कानीं तें बळेंच घालावें, असें आम्ही म्हणत नाहीं. किती ऐकावयाचें आहे हें त्यालाच विचारावें, एवढेंच म्हणतों. आणि नेमकें तेंच कोणी विचारीत नाहीं.

बरें, नांव फुटलें तरी सुटका कोठें? मग भेटीस येणाऱ्यांचा उपदेश सुरू होतो. "मन खंबीर ठेवा, हंसत राहा, निम्मा रोग पळेल." रोग पळत नाहीं, आणि न पळाल्याचा दोष रोग्याच्याच मनोबलावर येऊन बसतो. किरणोपचारानें ज्याचें तोंड सोलून निघालें, पाण्याचा घोटही ज्याला जाळतो, त्याला रडण्याची देखील मोकळीक नसावी काय? त्यांत आमच्या भागाचा एक खास प्रश्न आहे : "खर्रा खात होते का हो?" तंबाखू, सुपारी व चुना घोटून केलेलें हें विष आमच्याकडे पानठेल्यापानठेल्यावर मिळतें, आणि त्यानें मुखाचा कर्करोग होतो, हें निर्विवाद. गडचिरोलींत 'मुक्तिपथ' हा उपक्रम २०१६ सालीं तंबाखू-दारूविरुद्ध उभा राहिला. त्यास आमचा मनःपूर्वक पाठिंबा आहे. तो प्रश्न शाळेंत विचारावा, ठेल्यावर विचारावा, स्वतःच्या खिशांत हात घालून विचारावा. रोग्याच्या उशाशीं त्याची फिर्याद होते.

कर्माचें फळ म्हणणारांस तर काय सांगावें? १९४२ च्या चिमूरच्या उठावामागें ज्यांच्या भजनांची प्रेरणा होती ते तुकडोजी महाराज १९६८ सालीं कर्करोगानेंच गेले. वरोऱ्यास आनंदवन उभारणारे बाबा आमटे यांस अखेरीस रक्ताचा कर्करोग जडला. २००८ सालीं ते निवर्तले. यांचें कोणतें पाप फळास आलें? आणि ज्या जिल्ह्यांत कुष्ठरोग्यास माणसांत आणलें, त्याच जिल्ह्यांत हा न लागणारा रोग झालेल्या माणसाचें ताट-पेला वेगळा ठेवतात, हें आम्ही डोळ्यांनीं पाहिलें आहे.

१९६७ सालीं लंडनमध्यें सेंट ख्रिस्तोफर हें आसन्नमरण रोग्यांचें शुश्रूषागृह काढणाऱ्या डॉ. सिसिली साँडर्स म्हणत कीं, देहाची, मनाची, पैशाच्या विवंचनेची आणि एकटेपणाची वेदना मिळून रोग्याची एकच वेदना होते. आमच्या अरण्यप्रदेशांत हें समजावयास ग्रंथ नको. भामरागडाहून नागपूर तीनशे किलोमीटरांहून लांब. मुखाच्या कर्करोगास किरणें आठवड्यांतून पांच दिवस, अशीं सहा-सात आठवडे घ्यावीं लागतात. तितके दिवस घर, बैल, रोवणी सारें मागें टाकून परक्या शहरांत पडून राहणाऱ्यास "काळजी करूं नका" म्हणणें सोपें आहे. कशाची काळजी वाटते, हें विचारून उत्तर संपेपर्यंत बसणें कठीण. त्यास वेळ लागतो, आणि आपल्याला तर शेवटची बस गांठावयाची असते.

मास्तरांच्या घरचें नाटक मोडलें तें मास्तरांनींच. एके सकाळीं चहा घेतांना त्यांनीं तो शब्द उच्चारला. बाई दिवसभर रडल्या. संध्याकाळीं धानाची बांधी विकावी कीं ठेवावी, यावरून नवराबायको सात महिन्यांत प्रथमच कडाडून भांडलीं.