कॅरॅव्हॅन येतील, पण टाकी कुठे उपसणार?

नाताळ जवळ आला की सागरी रस्त्याला घर पाठीवर घेऊन फिरणाऱ्या गाड्या दिसतात. दाभोळ-धोपावे, मग तवसाळ-जयगड अशी फेरीबोट धरली की खाड्यांचा वळसा वाचतो, दापोलीहून गणपतीपुळे जवळ येतं. राज्य सरकारने कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण २०२१ मध्येच आणलं. धोरण ठीक आहे हो, पण गावाला काय? बिछाना गाडीत, चूल गाडीत. म्हणजे खानावळीला गिऱ्हाईक नाही आणि घरगुती निवासालाही नाही.

खरा घोळ संडासाच्या टाकीचा. ती चार दिवसांत भरते. सोय नसेल तर रात्री सुरूच्या बनात नाहीतर वहाळात रिकामी होणार. आपला जांभा दगड सच्छिद्र, घाण मुरायला वेळ लागत नाही, आणि प्यायचं पाणी विहिरीचं. 'पार्किंग मनाई'चा बोर्ड लावून हे थांबत नाही. गाडी पुढच्या गावात जाते, एवढंच.

त्यापेक्षा विहिरींपासून लांब, रस्त्यालगत चार गुंठे जागा, नळ, वीज, पक्की मैलाटाकी आणि रात्रीचा दर ठरवावा. जेवणाची ऑर्डर बचतगटाकडे. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठराव झाला तर नाताळाआधी टाकी बांधून होते.